कॉम्प्युटर प्लेअर घेत नाही तेव्हा

वाशिंद स्टेशनपासून सीएसएमटी सुमारे 80 किलोमीटर. कसारा लोकलने जायला पावणेदोन-दोन तास, यायला तेवढेच. एवढ्या प्रवासात मोबाईलची बॅटरी कामाच्या फोनसाठी राखून ठेवायची तर गाण्यांना वेगळा छोटा प्लेअर आजही सोयीचा पडतो. घरी आजीला मोबाईलमधलं ॲप उघडायचा कंटाळा असतो. तिला एक बटण दाबलं की हरिपाठ लागायला हवा. शहापूरच्या डोंगरपट्ट्यात आणि मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर रेंज येते-जाते, तिथे ऑनलाइन गाण्यांचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे एमपीथ्री प्लेअर, मेमरी कार्डचा छोटा स्पीकर, नातेवाइकाने परदेशातून आणलेला आयपॉड, पेनड्राइव्ह लावलेला कारवाँ असं काही ना काही आपल्याकडे घरोघर सापडतं. आणि तक्रारही सगळ्यांची एकच असते: गाणी भरायला घेतली, पण कॉम्प्युटर प्लेअर घेतच नाही.

अशा वेळी लोक एक तर प्लेअर बिघडला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात, नाहीतर दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणतात. दोन्हीची घाई नको. प्लेअर सहसा धडधाकट असतो. अडचण केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये असते आणि ती घरच्या घरी सापडते. फॉरमॅटने झालेलं नुकसान मात्र सहजासहजी भरून निघत नाही. सिनेमातली गाणी पुन्हा कुठूनही मिळतील. पण ज्या प्लेअरमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, त्यात कुणाच्या तरी लग्नात म्हटलेला धवला असतो, गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन असतं, आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाज असतो. त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. म्हणून पहिली सूचना हीच: आतलं सगळं बाहेर काढून घेईपर्यंत फॉरमॅट, इरेज, रिस्टोअर यांपैकी कशावरही क्लिक करायचं नाही. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं कॉम्प्युटर स्वतःहून विचारेल. तेव्हाही उत्तर ‘कॅन्सल’.

केबल, पोर्ट आणि पावसाळा

शोध केबलपासून सुरू करा, कारण सर्वात जास्त वेळा दोष तिथेच निघतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात. पांढरी आणि हिरवी माहिती नेतात. स्वस्तातल्या पुष्कळ केबलमध्ये शेवटच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल लावली की प्लेअरवर चार्जिंगचं चिन्ह येतं, त्यामुळे केबल चांगली आहे असंच वाटतं, आणि कॉम्प्युटरवर मात्र काहीच उमटत नाही. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. ओळखायची रीत अशी: तीच केबल जर मोबाईलला बसत असेल तर मोबाईल कॉम्प्युटरला जोडा, त्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. मोबाईल दिसला तर केबल डाटाची आहे. नाही दिसला तर दुकानात जाऊन नुसती ‘यूएसबी केबल द्या’ म्हणू नका, ‘डाटा केबल’ मागा आणि तिथेच लावून पाहा. जुन्या प्लेअरना लागणारी जाड, पाच पिनांची मिनी यूएसबी आता वाशिंद-शहापूरच्या दुकानात सहज मिळेलच असं नाही. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉक्समध्येही पुष्कळदा तीच केबल पडलेली असते, आधी तिथे बघा.

केबल चांगली निघाली तर पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचं पोर्ट सोडून मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टला लावा. एका पोर्टाचे चार करणारा हब मध्ये असेल तर तो काढा. जुन्या प्लेअरला त्यातून पुरेशी वीज मिळत नाही आणि तो लागल्यासारखा करून पुन्हा तुटतो.

प्लेअरच्या सॉकेटकडे टॉर्च लावून पाहा. खिशात राहिलेल्या प्लेअरच्या सॉकेटमध्ये कापडाचे तंतू दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने ते हलकेच काढा. टाचणी किंवा सुई घालू नका, आतली पट्टी वाकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते तिने सॉकेटच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हाताचं सॅनिटायझर त्यासाठी वापरू नका. त्यातला चिकट अंश आत राहतो.

वर्षभर पडून असलेला प्लेअर थेट कॉम्प्युटरला लावून निकाल देऊ नका. बॅटरी पार उतरलेली असते. अर्धा-एक तास चार्जरवर ठेवा, मग जोडा. मात्र मागचं झाकण फुगलेलं किंवा उचललेलं दिसलं तर तो चार्जिंगला लावूच नका. आतली लिथियम बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते; तसा प्लेअर थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

प्लेअरची सेटिंग

आता प्लेअरचा स्वभाव समजून घ्या. कॉम्प्युटरशी बोलायच्या त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीला एमएससी म्हणतात: प्लेअर पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्याला ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर मिळतं, फायली उचलून टाकता येतात. दुसरी एमटीपी: इथे अक्षर मिळत नाही, ‘पोर्टेबल डिव्हाइस’ म्हणून प्लेअरचं नाव दिसतं आणि फायलींची देवाणघेवाण प्लेअर स्वतः सांभाळतो. अँड्रॉइड मोबाईलही याच दुसऱ्या पद्धतीने जोडला जातो. केबल लावल्यावर तो फक्त चार्जिंग धरतो. वरून नोटिफिकेशन खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं तरच आतलं दिसतं. मोबाईल लॉक असेल तर तेही नाही.

सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेतल्या प्लेअरमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम सेटिंग्ज, मग यूएसबी मोड असं गेलं की ऑटो, एमटीपी आणि एमएससी असे पर्याय येतात. दुसऱ्या कंपन्यांच्या प्लेअरमध्येही सेटिंगच्या यादीत ‘यूएसबी’ शब्द शोधा. मिळाला तर एमएससी निवडा, केबल काढून पुन्हा लावा. पुष्कळ तक्रारी इथे संपतात.

पण इथेच एक धोका आहे. क्लिपसारख्या प्लेअरमध्ये एका पद्धतीने टाकलेल्या फायली दुसऱ्या पद्धतीने जोडल्यावर कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. प्लेअरवर गाणं वाजतं, कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामं. लोक समजतात मेमरी खराब झाली आणि फॉरमॅट करतात, मग दोन्हीकडचं जातं. फोल्डर रिकामं दिसलं तर आधी मोड बदलून पाहा, मगच काय ते ठरवा.

प्लेअर एकाच स्क्रीनवर अडकला असेल तर कडेची होल्डची पट्टी सरकलेली नाही ना हे बघा, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद सलग दाबून ठेवा. याने गाणी जात नाहीत, फक्त प्लेअर नव्याने सुरू होतो.

कॉम्प्युटरकडून येणाऱ्या अडचणी

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्लेअर दिसत नसेल तर तिथे वेळ घालवू नका. पुष्कळ कंपन्या आणि बँका सुरक्षेसाठी यूएसबीवरची साठवण मुद्दाम बंद ठेवतात. प्लेअर चार्ज होईल, दिसणार नाही. घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघितल्याशिवाय प्लेअरला दोष देऊ नये.

घरच्या विंडोजवर स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि प्लेअर लावा-काढा. लावताना यादी हलली, म्हणजे वीज आणि माहिती दोन्ही पोहोचताहेत. काहीच हललं नाही, तर पुन्हा केबलकडे वळा. प्लेअरच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर त्यावर उजवं क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, केबल काढणं, कॉम्प्युटर रिस्टार्ट आणि पुन्हा जोडणी. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवतो. यात प्लेअरमधल्या फायलींना धक्का लागत नाही.

कधी प्लेअर डिव्हाइस मॅनेजरमध्ये असतो, पण ‘धिस पीसी’मध्ये नसतो. तेव्हा ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे तो अक्षराविना पडलेला दिसला तर उजवं क्लिक करून एखादं मोकळं अक्षर द्या. याच मेनूत जवळच ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ आहेत, त्यामुळे हात स्थिर ठेवून, वाचून क्लिक करा.

युरोपात राहणाऱ्या मुलाने किंवा भाच्याने आपला जुना लॅपटॉप घरी दिला असेल तर विंडोजच्या नावापुढे ‘एन’ हे अक्षर आहे का ते सेटिंगमध्ये तपासा. युरोपियन कमिशनच्या 2004 मधल्या निर्णयानंतर मायक्रोसॉफ्टला तिथे मीडिया प्लेअर काढलेली विंडोज विकावी लागली. त्या आवृत्तीत एमटीपीचा आधारच नसतो, मोबाईलही नीट दिसत नाही. सेटिंगमधल्या ऐच्छिक सुविधांतून ‘मीडिया फीचर पॅक’ बसवला की अडचण सुटते.

दुकानात गाणी भरून आणलेल्या कार्डावर फोल्डरऐवजी नुसते शॉर्टकट दिसत असतील तर तो व्हायरस आहे. गाणी जागेवरच असतात, फक्त लपवलेली. शॉर्टकटवर क्लिक करू नका. तसं केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. फोल्डर ऑप्शनमध्ये लपलेल्या फायली दाखवा, ‘सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवा’ ही खूण काढा, खरे फोल्डर दिसले की त्यातली फक्त गाणी कॉपी करून घ्या आणि अँटिव्हायरसने तपासा. अशा कार्डाला नंतर फॉरमॅट करणंच योग्य.

गाणी गेली, पण वाजत नाहीत

आपल्याकडे कीर्तन, भजन, जागर अशी लांब रेकॉर्डिंगं जास्त असल्यामुळे हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

छोटे प्लेअर आणि पेनड्राइव्हचे स्पीकर बहुधा फॅट32 या पद्धतीने मांडलेलं कार्डच वाचतात. 64 जीबीचं कार्ड नवं घेतलं की ते एक्सफॅटमध्ये येतं. विंडोज ते आनंदाने उघडतो, प्लेअर ‘नो फाइल’ म्हणतो. 2017 मध्ये आलेला सारेगामाचा कारवाँ पेनड्राइव्ह घेत नाही अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावरच घ्या: लहान, 16 किंवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह फॅट32 करून त्यात साधी एमपीथ्री गाणी टाका. कारवाँमध्ये कंपनीने भरलेली गाणी मात्र कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणून नसतातच, त्यामागे लागू नका.

फॅट32 ची मर्यादा अशी की एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एमपीथ्रीला ही अडचण येत नाही. नेहमीच्या 128 केबीपीएसला मिनिटाला जेमतेम 1 एमबी लागतो, म्हणजे दोन तासांचं कीर्तन 115 एमबीच्या आसपास. पण चांगल्या रेकॉर्डरवर ‘वेव्ह’ प्रकारात घेतलं तर मिनिटाला 10 एमबी जातात. रात्रभराचा जागर सलग एकाच फाइलमध्ये असेल तर पावणेसात तासांच्या सुमारास ती 4 जीबी ओलांडते आणि कॉपी करताना कॉम्प्युटर ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून थांबतो. जागा भरपूर दिसत असते, म्हणून माणूस गोंधळतो. मूळ वेव्ह फाइल कॉम्प्युटरवर जशीच्या तशी जपा आणि प्लेअरसाठी तिची एमपीथ्री करा.

त्याहून अवघड गंमत जुन्या 2 जीबीच्या कार्डाची. ही कार्डं फॅट16 मध्ये असतात आणि त्यांच्या सर्वात वरच्या पातळीवर फक्त 512 नोंदी मावतात. लांब नावाची फाइल एक नोंद घेत नाही. नावाच्या दर 13 अक्षरखुणांना एक, शिवाय आखूड नावाची एक. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजला जातो. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द फाइलच्या नावात दहा जागा खातो. सव्वीस खुणांचं नाव ठेवलं तर प्रत्येक फाइलला तीन नोंदी, म्हणजे 170 गाण्यांनंतर कार्ड पुढची फाइल घेत नाही, मग निम्मी जागा मोकळी का असेना. उपाय सोपा आहे. वर फक्त फोल्डर ठेवा, गाणी फोल्डरच्या आत टाका. फोल्डरला ही मर्यादा नाही.

हरिपाठाचे अभंग क्रमाने वाजत नाहीत, ही तक्रारही इथलीच. स्वस्त प्लेअर फायली नावाच्या क्रमाने लावत नाहीत. ज्या क्रमाने त्या कार्डावर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. सगळं निवडून एकदम ओढलं की लिहिण्याचा क्रम भलताच होऊ शकतो. फायलींना 01, 02, 03 असे आकडे द्या (नुसते 1, 2 दिले तर 1 नंतर 10 येतो), रिकामं फोल्डर करा आणि क्रमाने कॉपी करा. आधीच भरलेल्या कार्डासाठी विंडोजवर ‘ड्राइव्हसॉर्ट’ आणि लिनक्सवर ‘फॅटसॉर्ट’ ही मोफत साधनं आहेत, ती कार्डावरचा क्रम बसवून देतात. काकड्याला भल्या पहाटे उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला योग्य क्रमाने अभंग ऐकू यावेत, यासाठी एवढी मेहनत करायला हरकत नाही.

नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर एक तर प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, किंवा गाण्याच्या आतली माहिती त्याला न कळणाऱ्या पद्धतीने लिहिली आहे. ‘एमपीथ्रीटॅग’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती माहिती ‘आयडी3 व्ही2.3, यूटीएफ-16’ या प्रकारात साठवून बघा. तरीही चौकोनच आले तर प्लेअरसाठीच्या प्रतीत रोमन अक्षरांत नावं द्या. मूळ प्रतीत मराठी नाव राहू द्या.

व्हॉट्सॲपवर आलेला आवाज बहुधा ओपस प्रकारात असतो, आयफोनचं रेकॉर्डिंग एमफोरएमध्ये. साधे प्लेअर ते वाजवत नाहीत. फाइलच्या नावाची शेपटी बदलून ‘एमपीथ्री’ लिहिल्याने आतला प्रकार बदलत नाही. व्हीएलसीच्या मीडिया मेनूतल्या ‘कन्व्हर्ट’ने तो खरोखर बदला. स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी मात्र त्या ॲपपुरतीच बांधलेली असतात, ती प्लेअरमध्ये जात नाहीत. मॅकवरून गाणी भरल्यावर प्रत्येक गाण्यामागे ठिपका आणि आडवी रेघ असलेली एक न वाजणारी फाइल दिसत असेल, तर ती मॅकची स्वतःची नोंद आहे. विंडोजवर कार्ड लावून ती पुसली तर चालतं.

आणि गाणी नीट कॉपी झाली, काही वाजतात, नंतरची खरखरतात किंवा गप्पच राहतात, असं असेल तर कार्डच बनावट असण्याची शक्यता मोठी. वर 64 लिहिलेलं, आत 8 जीबी. स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडचं फार स्वस्त कार्ड घेतलं असेल तर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ने तपासा. त्याला काही तास लागतात, पण खरी जागा कळते. अशा कार्डात घरचं एकही रेकॉर्डिंग ठेवू नका.

आयपॉडची गोष्ट वेगळी

ॲपलने आयपॉड ऑक्टोबर 2001 मध्ये आणला आणि मे 2022 मध्ये शेवटच्या आयपॉड टचचं उत्पादन थांबवलं. पण अमेरिकेहून किंवा दुबईहून आलेल्या पाहुण्यांनी दिलेले आयपॉड अजून चालू आहेत. तो पेनड्राइव्हसारखा वागत नाही. तो एका कॉम्प्युटरवरच्या एका लायब्ररीशी बांधलेला असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की ‘हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, इरेज करून सिंक करू का?’ असं विचारलं जातं. हो म्हटलं की पाहुण्यांनी भरून दिलेली सगळी गाणी गेली.

त्याऐवजी असं करा. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून आयट्यून्स नाही. आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत दिसतो. विंडोजवर आयट्यून्स चालतं, पण ‘ॲपल डिव्हायसेस’ हे नवं ॲप बसवलं असेल तर सिंकचं काम आयट्यून्सकडून त्या ॲपकडे जातं. आयट्यून्समध्ये आयपॉड का दिसत नाही याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. आयपॉड दिसला की ‘मॅन्युअली मॅनेज’ची खूण करा, म्हणजे तो आपोआप सिंकच्या मागे लागणार नाही.

आतली गाणी बाहेर काढण्यासाठी चाक असलेल्या आयपॉडवर मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून ठेवा, सफरचंद दिसलं की लगेच मधलं बटण आणि प्ले-पॉज दाबा. तो डिस्क मोडमध्ये जातो आणि ड्राइव्ह म्हणून दिसतो. लपलेल्या फायली दाखवल्या की ‘आयपॉड कंट्रोल’ आणि त्यात ‘म्युझिक’ हे फोल्डर सापडतं. आत एफ00, एफ01 अशा कप्प्यांत चार-चार अक्षरांच्या अगम्य नावांनी गाणी ठेवलेली असतात. घाबरू नका, गाण्याचं खरं नाव फाइलच्या आत शाबूत असतं. पूर्ण फोल्डर कॉपी करून कुठल्याही म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये ओढलं की नावं परत येतात. पाहुण्यांनी तो मॅकवर वापरला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही आणि लगेच फॉरमॅट करायला सांगतो. तिथे थांबा, ज्याच्याकडे मॅक आहे त्याच्याकडे न्या.

काहीच दिसत नाही, पण वाजतंय

हे सगळं करूनही कॉम्प्युटर प्लेअर घेत नसेल आणि प्लेअरवर आजीचा आवाज मात्र वाजत असेल, तर तो आवाज अजूनही वाचवता येतो. यूएसबी सोडून द्या. दोन्ही टोकांना हेडफोनची पिन असलेली 3.5 मिलिमीटरची केबल घ्या. एक टोक प्लेअरच्या हेडफोनच्या सॉकेटमध्ये, दुसरं डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या लाइन-इनमध्ये. लॅपटॉपला बहुधा एकच सॉकेट असतं आणि ते हेडसेटचं असतं; त्यासाठी लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागेल. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडून रेकॉर्ड सुरू करा आणि प्लेअरवर आवाज लावा. मीटरची उंच उडी उणे सहाच्या आसपास राहील एवढाच आवाज ठेवा. शून्याला टेकला की तो फाटतो आणि नंतर सुधारत नाही. प्लेअरमधला इक्वलायझर आणि बासचा जोर बंद करा. दोन तासांच्या रेकॉर्डिंगला दोन तासच लागतील, तेवढा वेळ बसून काढा. घरात लाइट जायची शक्यता असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या. फाइल आधी वेव्हमध्ये साठवा.

उलट प्लेअर दिसतो पण फायली चुकून पुसल्या गेल्या असतील, तर त्यावर पुढे एकही गाणं टाकू नका आणि तो वाजवूही नका. ‘फोटोरेक’ नावाचं मोफत साधन आहे. ते ऑडिओ फायलीही शोधतं. सापडलेल्या फायली त्याच प्लेअरवर न ठेवता कॉम्प्युटरवर साठवा. विंडोजचा ‘चेक डिस्क’ मात्र आधी चालवू नका. तो डिस्क नीट करतो, पण त्या नादात तुटलेल्या फायलींचे तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. तो कॉपी झाल्यानंतर.

दुकानात द्यावा लागलाच तर प्लेअरवर कागद चिकटवा: ‘आत रेकॉर्डिंग आहे. न विचारता फॉरमॅट करू नये.’ तोंडी सांगणं पुरत नाही. तुम्ही बोलता एकाशी आणि काम करतो दुसरा.

आपल्याकडच्या गाण्यांची किंमत जाणणाऱ्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; त्या एक लाखाहून जास्त आहेत आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया आज त्या लोकांपुढे आणत आहे. शहापूर-मुरबाडच्या आगरी, कुणबी, ठाकूर, वारली घरांत जे गायलं गेलं त्यातलं कितीतरी मात्र अजून कुणाच्या तरी जुन्या मोबाईलमध्ये किंवा बंद पडलेल्या प्लेअरमध्येच आहे. ते नोंदवायला बाहेरून कोणी येईल म्हणून थांबू नका.

फायली बाहेर निघाल्या की प्रत्येकीला गाणाऱ्याचं नाव, गाव, प्रसंग आणि वर्ष द्या. ‘रेक001’ हे नाव दहा वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या पेनड्राइव्हवर आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या भावंडाकडे ठेवा. मगच प्लेअर खुशाल फॉरमॅट करून नवीन गाणी भरा. घरात असा एखादा प्लेअर पडून असेल तर दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहू नका; तो आजच चार्जिंगला लावा.